टॅकेटला पडलेलं मत

"रिपब्लिकन," प्रतापराव म्हणाले.

टेबलामागच्या बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. त्या मागच्याच गल्लीत राहायच्या. प्रत्येक निवडणुकीला हर्नडनच्या या शाळेच्या जिममध्ये, याच टेबलापाशी बसायच्या आणि डॉक्टर प्रतापरावांना नावानं ओळखायच्या. व्हर्जिनियात प्रायमरीच्या, म्हणजे पक्षांचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ठरवायच्या मतदानाच्या दिवशी कुणीही कुठल्याही पक्षाची मतपत्रिका घेऊ शकतो, फक्त कुठली हवी ते तोंडानं सांगावं लागतं.

"रिपब्लिकन?" बाईंनी विचारलं.

"हो. रिपब्लिकन," प्रतापराव पुन्हा म्हणाले. आपलं ऐकू गेलं नाही असं त्यांना वाटलं असावं, कारण या वेळी ते जरा मोठ्यानं म्हणाले.

त्यांची बायको कांचन त्यांच्या मागेच उभी होती. तिच्या मागे उभ्या असलेल्या सुमंत राजवाड्यांनी श्वास आत घेतल्याचं तिला स्पष्ट ऐकू आलं. मराठी मंडळातले उघडपणे रिपब्लिकन असलेले ते एकटेच. दर दिवाळीला फराळाच्या टेबलावर प्रतापराव त्यांना धारेवर धरायचे आणि ते हसून दुसरी करंजी उचलायचे. प्रतापरावांच्या घरातून डेमोक्रॅटांच्या प्रचाराच्या पाट्या निघाल्या होत्या, तळघरात देणग्यांच्या सभा झाल्या होत्या, त्यांनी स्वतः गुडघा बदलल्यानंतर काठी टेकत दारोदार पत्रकं वाटली होती. आणि त्या सगळ्या वर्षांत 'रिपब्लिकन' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी साध्या आवाजात आला नव्हता.

कांचननं आपली डेमोक्रॅटिक मतपत्रिका घेतली आणि नोरा ब्रँटच्या नावापुढचं वर्तुळ काळं केलं. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. तिची मुलगी उर्वी वकिली बाजूला ठेवून आठ-दहा महिने काँग्रेसवुमन ब्रँटच्या मोहिमेत राबत होती. ब्रँटबाई राष्ट्राध्यक्ष झाल्या तर देशाचं भलं होईल असं कांचनला एकदाही वाटलं नव्हतं. पण तसं तिला कुणी विचारलंही नव्हतं.

बाहेर मार्चचं बोचरं वारं होतं. दारापासून ठरलेल्या अंतरावर, निळ्या जाकिटात, उर्वी पत्रकं घेऊन उभी होती. आईबाबांना पाहून तिनं थर्मास वर करून दाखवला. एवढ्यात सुमंतराव मागून आले आणि त्यांनी प्रतापरावांच्या पाठीवर थाप मारली.

"वेलकम, डॉक्टर, वेलकम! तीस वर्षं लागली, पण शेवटी आलात."

"सुमंतकाका, कुठे आले बाबा?" उर्वीनं हसत विचारलं.

"आमच्यात! स्वतःच्या कानांनी ऐकलं. अगं, दोनदा सांगितलं त्यांनी."

उर्वीनं वडिलांकडे पाहिलं. 'काहीतरीच काय' असं ते म्हणतील म्हणून ती थांबली होती. प्रतापरावांनी टोपी कानांवर ओढली.

"थंडी फार आहे. फार वेळ उभी राहू नकोस," ते म्हणाले आणि गाडीकडे चालू लागले.

*

संध्याकाळी सगळ्यांनी मुलाकडे, अमेयकडे जमायचं आधीच ठरलेलं होतं. मोठ्या टीव्हीवर निकाल बघायचे, उर्वीचे कार्यकर्ते येणार, म्हणून त्याच्या बायकोनं, सलोनीनं चाळीस माणसांचा बटाट्याचा रस्सा करून ठेवला होता. दुपारी उर्वीचा मेसेज आला: कार्यकर्त्यांना कॅन्सल केलंय, फक्त आपणच. मतदानाची वेळ संपायच्या आतच तिला काय ते कळून चुकलं होतं.

कांचन स्वयंपाकघरात पुऱ्या लाटायला बसली. सलोनी तळत होती. लग्न होऊन ती नागपूरहून आली त्याला बारा वर्षं झाली. भारतीय पासपोर्ट सोडवत नाही म्हणून तिनं नागरिकत्व लांबवलं होतं. गेल्या ऑक्टोबरात शपथ घेतली. आजचं मत तिचं या देशातलं पहिलं.

"आई, एक सांगू? उर्वीताईंना सांगू नका," ती कढईकडे बघत म्हणाली. "मी त्यांच्या बाईंना नाही दिलं."

"बरं."

"का ते नाही विचारणार?"

"सांग."

"त्या मंडळात आल्या होत्या ना, तेव्हा माझ्याशी शेकहँड केला. मी सांगत होते की मी पहिल्यांदाच व्होट करणार आहे. तर हात माझ्या हातात आणि बघताहेत माझ्या मागे उभ्या असलेल्या, मोठी देणगी देणाऱ्या डॉक्टर पाटणकरांकडे. बस. बाकी त्यांची पॉलिसी वगैरे चांगलीच होती." तिनं पुरी उलटली. "मूर्खपणा आहे ना?"

"मला नाही तसं वाटत," कांचन म्हणाली. तिला खरंच वाटत नव्हतं. आपण तरी ब्रँटबाईंना मत काय विचार करून दिलं?

बाहेर दिवाणखान्यात अमेयनं वडिलांना गाठलं होतं. तो एका मोठ्या कंपनीत आकडेवारीचं काम करायचा आणि माणसं जे काही करतात त्यामागे हिशेब असतो अशी त्याची श्रद्धा होती.

"बाबा, मला कळलंय तू काय केलंस. क्रॉसओव्हर! त्यांच्यातला सगळ्यात वीक कँडिडेट निवडून द्यायचा, म्हणजे नोव्हेंबरमध्ये आपलं काम सोपं. बरोबर? स्मार्ट आहे. पण आधी सांगायचं ना यार, मीही केलं असतं."

"तसं काही नाही," प्रतापराव म्हणाले.

"मग त्यांचा जो पुढे आहे, त्याला अडवायला?"

"नाही."

"मग टॅक्ससाठी? तू आणि टॅक्स?"

"अमेय, मी मत दिलंय. मुलाखत नाही."

 अमेय स्वयंपाकघरात आला आणि त्यानं आवाज खाली आणला. कांचनला हा आवाज ओळखीचा होता. गेल्या उन्हाळ्यात निवृत्तांच्या वसाहतीचं माहितीपत्रक घेऊन आला तेव्हाही तो याच आवाजात बोलला होता.

"आई, मला वाटतं ते कन्फ्यूज झाले. तिथे उभं राहून भलताच शब्द तोंडून गेला आणि आता कबूल करायची लाज वाटतेय. मी ज्या न्यूरॉलॉजिस्टबद्दल बोललो होतो, तिच्याकडे आपण जाऊया. आणि तोवर ड्रायव्हिंग बंद."

"एका मतावरून?" सलोनीनं विचारलं.

"एका मतावरून नाही. जानेवारीत स्टोव्ह रात्रभर चालू राहिला. परवा मला एकच गोष्ट दोनदा विचारली. आणि आता हे. इट्स अ पॅटर्न."

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. उर्वी आली होती. तिनं जाकीट काढलं नाही, बूट काढले नाहीत, सरळ टीव्हीसमोर गेली. पडद्यावर व्हर्जिनियाचा नकाशा रंगत होता. ब्रँटबाई तिसऱ्या होत्या, आणि तिसऱ्या म्हणजे पहिल्या दोघांच्या आसपासही नाही.

"आपल्या प्रिसिंक्टमध्ये, आपल्याच केंद्रावर बघ," ती टीव्हीकडे बघतच म्हणाली. "आपल्या शाळेत! ज्यांच्या घरी मी चहा प्यायलेय त्यांनीच मतं दिली असती तरी डबल झाली असती. तोंडावर हो म्हणाले सगळे. जिला हेल्थकेअर हवंय ती हेल्थकेअर काढून घेणाऱ्याला देते. एक जण म्हणाला, तुमच्या बाईंचा आवाज माझ्या सासूसारखा आहे. मी इतके महिने कशावर आर्ग्यू करत होते?" मग ती वळली. "आणि माझे वडील."

"उर्वी, जेवून घे आधी," कांचन म्हणाली.

"नाही आई. सुमंतकाकांनी मंडळाच्या ग्रुपवर टाकलंय. फुलांच्या इमोजीसकट. मला हेडक्वार्टर्समधून फोन आला, इज दॅट युअर डॅड? बाबा, तू ब्रँटला मत दिलं नसतंस तरी चाललं असतं. दुसऱ्या कुठल्याही डेमोक्रॅटला दे. पण मी पन्नास फुटांवर उभी असताना तू त्यांचा बॅलट घेतलास. का?"

"तुझा त्याच्याशी संबंध नव्हता," प्रतापराव म्हणाले.

"मग कशाशी होता?"

प्रतापराव टीव्हीकडे बघत राहिले.

लहानपणापासून अमेय आणि उर्वीचं कशावरही पटलं नव्हतं. वडिलांना वसाहतीत न्यायचा विषय निघाला तेव्हा 'ओव्हर माय डेड बॉडी' असं म्हणून पत्रक फाडणारी उर्वीच होती. आता भाऊ शेजारी येऊन उभा राहिला आणि हलकेच काहीतरी म्हणाला, तेव्हा तिनं मान हलवली. "ओके," ती म्हणाली. "मेबी यू आर राइट. अपॉइंटमेंट घे."

कांचननं ते पाहिलं. प्रतापरावांनीही पाहिलं. अमेयचं बोलणं त्यांना कधी लागायचं नाही. पण मुलीची ती हललेली मान पाहिली आणि ते सोफ्यावर एकदम लहान दिसायला लागले.  तरीही कारण सांगण्यापेक्षा विसराळू ठरायला ते तयार होते. तसं त्यांनी ठरवूनच टाकलंय, हे कांचनला त्यांच्या बसण्यावरून कळलं.

तिनं हातांना लागलेलं पीठ पदराला पुसलं.

"स्टोव्ह माझ्याकडून राहिला होता," ती म्हणाली.

"काय?"

"जानेवारीत. दूध तापत ठेवून मीच झोपायला गेले. सकाळी तुझा फोन आला तेव्हा ह्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं. तेव्हा अपॉइंटमेंट घ्यायची तर माझी घे." मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, सांगून टाका आता. टॅकेटला दिलंत ना?"

प्रतापरावांनी चमकून वर पाहिलं. "तुला कसं कळलं?"

"त्याची बातमी आली त्या दिवशी तुम्ही टीव्ही बंद करून अंगणातला बर्फ काढायला गेलात. बर्फ नव्हताच."

"कोण टॅकेट?" सलोनीनं विचारलं.

"डॅरेल टॅकेट?" अमेय जवळजवळ ओरडला. "गव्हर्नर टॅकेट? तो तर दोन आठवड्यांपूर्वीच रेसमधून बाहेर पडला! आजारी आहे तो. नाव फक्त बॅलटवर राहिलंय."

"हो," प्रतापराव म्हणाले. "राहिलंय, म्हणूनच दिलं."

*

मिलर्स गॅपबद्दल मुलांना एवढंच माहीत होतं की व्हर्जिनियाच्या पार नैऋत्येला, कोळशाच्या खाणींच्या डोंगरात ते गाव होतं, आईबाबा सुरुवातीच्या वर्षांत तिथे होते, आणि तिथे भेंडी मिळत नसे. पुढचं प्रतापरावांनी कधी सांगितलं नव्हतं. आता त्यांनी सांगितलं, तेही केस प्रेझेंट करावी तसं.

गावात खाणकामगारांचा एक दवाखाना होता आणि तिथे ते एकटेच डॉक्टर. एकोणीस वर्षांची एक गर्भार मुलगी यायची. रक्तदाब चढलेला, पाय सुजलेले. रोनोकच्या मोठ्या हॉस्पिटलात न्या म्हणून त्यांनी तीनदा सांगितलं. तिच्या नवऱ्यानं नेलं नाही. शेवटी झटके आले तेव्हा डॉक्टरांनाच घरी बोलावलं. ती गेली आणि मूलही गेलं. नवरा गावभर सांगत सुटला की परदेशी डॉक्टरला काही समजलंच नाही, त्यानं मोठ्या हॉस्पिटलचं नावही काढलं नाही. दवाखान्याच्या सात जणांच्या मंडळापुढे प्रकरण गेलं. काढून टाकलं असतं तर पाठोपाठ लायसन्सही गेलं असतं.

"तीन विरुद्ध तीन झाले," प्रतापराव म्हणाले. "टॅकेट सगळ्यात तरुण. नुकता वकील झालेला, शेवटी बसलेला. गावातल्या सगळ्यांना वाटत होतं तो नवऱ्याच्या बाजूनं जाणार, त्याचे भाऊबंदच ते. त्यानं माझ्या बाजूनं हात वर केला. पुढच्या वर्षी काउंटीच्या निवडणुकीत त्याला पाडलं लोकांनी. मी त्याला कधी भेटलो नाही, आभार मानले नाहीत. मला वाटायचं, आभार मानले तर ते उपकार ठरतील. त्याचं-माझं बोलणंही नव्हतं. माझा शब्द खरा आहे असं त्या गावात एका माणसाला वाटलं आणि ते त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं. तो हात वर झाला नसता तर तुम्ही दोघं अमेरिकेत वाढलाच नसता."

टीव्हीचा आवाज कुणीतरी बंद केला होता.

"आणि नंतर तू त्याला मत दिलंस?" उर्वीनं विचारलं. "बाबा, तो शाळांच्या फंडिंगच्या विरोधात, गरिबांच्या मेडिकेड विम्याच्या विरोधात—"

"कधीच नाही. तो अ‍ॅटर्नी जनरलला उभा राहिला, विरोधात दिलं. गव्हर्नरला उभा राहिला, विरोधात दिलं. सेनेटला राहिला तेव्हा तर मी त्याच्याविरुद्ध दारोदार फिरलो. तो राज्य चालवायला लायक नाही असंच माझं मत होतं. आजही आहे."

"म्हणजे आज तो जिंकणार असता तर?"

"तर दिलं नसतं."

उर्वी हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "म्हणजे जे मत मोजलं तरी फरक पडणार नाही, ते तू त्याला दिलंस."

"हो," प्रतापराव शांतपणे म्हणाले. "त्याला देता येण्यासारखं एवढंच होतं माझ्याकडे."

 सलोनी पुढे आली आणि सासऱ्यांच्या शेजारी सोफ्यावर बसली. मग एकाएकी तिनं उर्वीला सांगूनच टाकलं, "उर्वीताई, मी पण तुमच्या बाईंना नाही दिलं. सॉरी." उर्वीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग ती जमिनीवर बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. "ऑफ कोर्स," ती म्हणाली. "या घरात आईनंच दिलं असेल फक्त."

 कांचनच्या डोक्यात दुसरंच होतं. मघा नवरा सांगत असताना ती एक एक वाक्य ऐकत होती आणि प्रत्येक वाक्य खरं होतं. फक्त त्यात ती नव्हती.

त्या गर्भार मुलीची आई तिला लाँड्रोमॅटमध्ये, गावच्या कपडे धुवायच्या यंत्रांपाशी भेटायची. मुलगी गेल्यावर आठवड्याभरानं, कपडे फिरत असताना, ती कांचनला म्हणाली होती: तुमच्या नवऱ्यानं तीनदा सांगितलं हो रोनोकला न्या म्हणून, मी तिथेच होते. पण ती मंडळापुढे यायला तयार नव्हती, जावयाला घाबरायची. कांचननं घरी येऊन सांगितलं तर प्रतापराव ताडकन म्हणाले, "कुणाच्या दारात जायचं नाही. मी खरं बोलतोय, ज्याला पटेल त्याला पटेल." बैठकीच्या आदल्या संध्याकाळी भाजी आणायला जाते सांगून ती बाहेर पडली होती आणि टेकडी चढून टॅकेटच्या दारात गेली होती. दुसऱ्या दिवशी तो हात वर झाला. प्रतापराव घरी आले ते वेगळेच होऊन आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जेवले. 'एका माणसाला पटलं, कांचन,' म्हणाले. त्यानंतर तिला सांगता आलं नाही.

"बाबा," उर्वी म्हणत होती, "त्याला माहितेय का? आज तू त्याला मत दिलंस ते?"

"त्याला कसं माहीत असणार? आणि कशाला?"

"त्याच्या मोहिमेची व्हर्जिनियातली डायरेक्टर माझ्या ओळखीची आहे. थंडीत शेजारी शेजारी उभ्या राहिलोय आम्ही." उर्वीनं फोन बाहेर काढलाही होता. मोहिमेतल्या माणसाची ती सवयच असावी, नंबर मिळवायचा आणि लावायचा. "मी विचारते."

"नको," कांचन म्हणाली.

तिचा आवाज सगळ्यांनाच वेगळा वाटला.

"आजारी माणूस आहे," तिनं जोडलं. "कशाला त्रास?"

"आई, आजच्या दिवशी कुणी त्याला मत दिलं हे ऐकून कुणाला त्रास होतो?" उर्वी म्हणाली. गेले काही दिवस तिच्या आवाजात नसलेलं काहीतरी परत आलं होतं. "मला तरी झाला नसता."

*

फोन टॅकेटच्या मुलीनं उचलला. नाव सांगितल्यावर बराच वेळ पलीकडे हालचाल ऐकू येत राहिली, उशा सरकवल्याची, खोकल्याची. उर्वीनं फोन कॉफी टेबलावर ठेवून स्पीकर लावला. प्रतापराव उठून उभे राहिले होते आणि आता खाली कसं बसावं हे त्यांना समजत नव्हतं.

"डॉक्टर?" आवाज थकलेला होता, पण शब्द ओढून बोलण्याची डोंगरातली धाटणी तशीच. "मिलर्स गॅपचे डॉक्टर?"

"हो, गव्हर्नर. मी... मी आज तुम्हाला मत दिलं. तेवढं सांगायचं होतं."

पलीकडून आधी खोकला आला आणि मग हसू. "म्हणजे ते तुम्ही! माझी मुलगी मघापासून सांगतेय की तुमच्या तिकडच्या फेअरफॅक्स काउंटीतही काही मतं पडलीत, आणि आम्ही विचार करतोय की तिथे मला ओळखतं कोण?"

"याआधी कधी दिलं नव्हतं," प्रतापराव म्हणाले. लपवणं त्यांना जमायचं नाही.

"तसा अंदाज होताच. तुमच्या फाटकावरच्या पाटीचा फोटो एकदा माझ्या लोकांनी आणून दाखवला होता." तो थांबला. "डॉक्टर, त्या जुन्या गोष्टीसाठी दिलंत ना? मग तुम्ही माझं काही देणं लागत नाही. तुमची पत्नी तिथे आहे का?"

कांचन पुऱ्यांच्या परातीशी उभी होती. सगळे तिच्याकडे वळले.

"आहे," प्रतापराव म्हणाले. "का?"

"कारण मी तुमच्या विरोधातच हात वर करणार होतो. माझं ठरलं होतं. तुमची बायको कडेवर बाळ घेऊन माझ्या पोर्चवर आली. बाळ सारखं रडत होतं आणि मध्येच त्यानं माझा चष्मा ओढून खाली पाडला. तिनं मला तुमच्यासाठी मत मागितलं नाही. म्हणाली, मत कुणालाही दे, पण त्याआधी मुलीच्या आईला भेट. मी म्हटलं, बघू. तर म्हणाली, बघू नको, जा, मी इथे थांबते. मी डोंगरापलीकडे जाऊन परत आलो तेव्हा ती तिथेच होती. थंडीत. माझ्या बायकोनं आत बोलावलं तरी आली नव्हती." श्वास घेण्यासाठी तो थांबला. "तुम्हाला हे माहीत असेलच."

प्रतापराव खाली बसले. उर्वीनंच कसंबसं म्हटलं, "थँक यू, गव्हर्नर. ते बाळ मी होते."

"मग तुमचा आवाज तेव्हापासूनच दमदार आहे," म्हातारा म्हणाला. आणखी चार शब्द झाले आणि फोन बंद झाला.

 अमेयनं तोंड उघडलं आणि सलोनीनं त्याच्या दंडाला चिमटा काढला.

"तू गेली होतीस," प्रतापराव म्हणाले.

"हो."

"मी नको म्हटलं होतं."

"हो."

"आणि इतकी वर्षं..."  कांचननं त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, खचलेलं पाहिलं होतं. हे त्यातलं काहीच नव्हतं. घरातलीच एखादी खोली पहिल्यांदा सापडावी तसं ते तिच्याकडे बघत होते. "मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला त्या गावात कुणीतरी एक माणूस हवा होता, तुमच्यावर विश्वास ठेवणारा," कांचन म्हणाली. "मी घरचीच. मी त्यात धरली गेले नसते."

उर्वी उठून आईजवळ आली. तिनं आईला मिठी वगैरे मारली नाही, तसं त्यांच्यात नव्हतं. परातीतलं लाटणं घेतलं आणि उरलेले गोळे वाकडेतिकडे लाटायला लागली. तिचा फोन वाजला. मोहिमेच्या माणसानं ब्रँटबाई उद्या सकाळी माघार जाहीर करणार असल्याचं कळवलं होतं. उर्वीनं ते वाचून दाखवलं आणि फोन पालथा ठेवला.

"आई," ती जरा वेळानं म्हणाली, "तू आज ब्रँटला दिलंस ना? खरं सांग. का दिलंस?"

"तू उभी होतीस थंडीत," कांचन म्हणाली.

उर्वी लाटायची थांबली. मग ती खरोखरीच हसली, डोळे भरून येईपर्यंत. चाळीस माणसांचा रस्सा पाच जणांनी खाल्ला आणि बराच उरला. जेवताना अमेय नेहमीसारखा बोलत राहिला, फक्त न्यूरॉलॉजिस्टचा विषय त्यानं काढला नाही. निघताना सलोनीनं रश्श्याचा डबा बरोबर दिला.

गाडी प्रतापरावच चालवत होते. घर तसं दहा मिनिटांवर. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली.

"पोर्चवर किती वेळ उभी होतीस?" त्यांनी विचारलं.

"बराच. उर्वी झोपून गेली खांद्यावर."

"काय म्हणालीस त्याला? पहिलं वाक्य काय?"

कांचननं आठवून बघितलं. इतक्या वर्षांत तिनं ते कुणापाशी उच्चारलं नव्हतं, त्यामुळे ते जिथे ठेवलं होतं तिथेच सापडलं. ती सांगू लागली. टेकडी कशी निसरडी होती, टॅकेटच्या कुत्र्याला ती किती घाबरली, इंग्रजी वाक्य वाटेत तीनदा कसं घोकलं आणि ऐनवेळी दुसरंच कसं तोंडून निघालं. प्रतापरावांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. घराचं वळण आलं तेव्हा त्यांनी गाडी वळवली नाही.

"थोडं पुढे जाऊन येऊ," ते म्हणाले. "तू सांग."